पिशवीपासून निशाणीपर्यंत

सकाळचे साडेदहा. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्यांची टेबलं लागली आहेत, झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग आहे आणि आत पट्टेवाल्याचा पहिला पुकारा अजून व्हायचाय. विधी सेवा समितीच्या खोलीत साठीच्या एक मावशी येतात आणि टेबलावर कापडी पिशवी रिकामी करतात. सातबाऱ्याची झेरॉक्स, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. शंभराच्या स्टॅम्पपेपरची आणखी एक झेरॉक्स. काच तडकलेला मोबाईल. "ताई, यात सगळं आहे," त्या म्हणतात. "आणि गावात कुणालाही विचारा."

टेबलापलीकडची पॅरालीगल स्वयंसेविका कामावर नवी असेल, तर तिला वाटतं, एवढं असल्यावर आता काय राहिलं? तीच वर्षभर मुरलेली असेल, तर ती वहीचं पान उलटते आणि विचारते, "गावातलं कोण येऊन सांगेल, मावशी? नाव सांगा."

मावशी नमुन्यादाखल घेतल्या आहेत, पिशवी मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टात रोज दिसते. तक्रारही ओळखीचीच. नवरा वारला, आणि दीर आता म्हणतो की भावानं मरण्याआधी आपला हिस्सा लिहून दिला होता. मावशी म्हणतात, जमीन आम्हीच कसत आलो. गावाला हे ठाऊक आहे. कोर्टाला अजून काहीच ठाऊक नाही. गावाला ठाऊक असलेली गोष्ट कोर्टाच्या दप्तरात कोणत्या वाटेनं पोचते, याचे नियम म्हणजे पुराव्याचा कायदा. वकिलाला तो परीक्षेसाठी शिकावा लागतो, पॅरालीगलला पिशवीसाठी.

पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं गरजूंना मोफत कायदेशीर मदतीची यंत्रणा उभी केली, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना आणली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी, इतकंच काय, तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगणारे चांगल्या वर्तणुकीचे कैदीही या योजनेत स्वयंसेवक होऊ शकतात. त्यांना कोर्टापुढे उभं राहून युक्तिवाद करता येत नाही. पण वकिलाच्या हाती फाइल जाण्याआधी पक्षकाराशी पहिलं बोलणं बहुतेकदा त्यांचंच होतं. वकिलांच्या कचेरीतल्या कारकुनांचंही तसंच. कागद हरवतो, फोन विकला जातो, साक्षीदार परगावी जातो ते याच सुरुवातीच्या दिवसांत.

शिकणाऱ्याची पहिली अडचण कलमांच्या आकड्यांची. दीडशे वर्षं या देशात १८७२चा पुरावा कायदा चालला. व्हाइसरॉयच्या मंडळातले विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्याचा मसुदा केला. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे ते सख्खे काका. १६७ कलमांचा तो कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी लागू झाला आणि १ जुलै २०२४ रोजी त्याच्या जागी १७० कलमांचा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आशय बराचसा तोच राहिला, घरांचे नंबर बदलले. मृत्युपूर्व जबाबाचं कलम ३२ आता २६ झालं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ब आता ६३. जुने प्रलंबित खटले जुन्याच कायद्यानं चालत असल्यामुळे पॅरालीगलच्या डायरीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले सापडतात.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा शब्द एकच: शाबित. कायद्याची व्याख्या विलक्षण साधी आहे. समोर आलेलं सगळं पाहून एखादी गोष्ट आहे असं न्यायालयाला वाटलं, किंवा एखादा शहाणा माणूस ती आहे असं धरून पुढचं पाऊल टाकेल इतकी ती संभवनीय वाटली, की ती शाबित. नाही असं दिसलं, तर नाशाबित. आणि तिसरा एक कप्पा आहे: शाबितही नाही आणि नाशाबितही नाही. बहुतेक पिशव्या रिकाम्या होतात त्या या तिसऱ्या कप्प्यात. दिवाणी दाव्यात पारडं कुठे झुकतं ते पाहतात. फौजदारी खटल्यात वाजवी संशय उरता कामा नये. आणि दोन्हीकडे मूळ नियम सारखाच, जो म्हणतो त्यानं शाबित करावं.

हे सगळं विलायतेहून आलं असं वाटत असेल तर जरा मागे जायला हवं. याज्ञवल्क्य स्मृतीनं माणसांच्या हातच्या पुराव्याचे तीन प्रकार सांगितले होते: लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे कागद, कबजा आणि माणूस. मराठेशाहीतल्या वतनांच्या तंट्यांतही गोतसभा हेच पाहत असे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. तिन्हींतून काही निष्पन्न झालं नाही, तर मग दिव्य: उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हातानं काढायचा आणि हात भाजला की नाही यावर निकाल. दिव्य इतिहासजमा झालं. लिखित, भुक्ती, साक्षी मात्र मावशींच्या पिशवीत आजही आहेत, शिवाय एक मोबाईल.

कागदापासून सुरुवात करू. सातबारा हे दोन नमुन्यांचं जोडनाव. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं, गाव नमुना बारामध्ये कोणतं पीक घेतलं त्याची नोंद. एक लिखित, दुसरी भुक्तीची खूण. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७व्या कलमानुसार हक्कनोंदणीतली नोंद, उलट शाबित होईपर्यंत, खरी धरली जाते. "उलट शाबित होईपर्यंत" हे तीन शब्द नव्या स्वयंसेवकाच्या नजरेतून हमखास सुटतात. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, असं गावात सर्रास मानलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय की फेरफाराची नोंद महसूल वसुलीसाठी असते, तिच्यानं मालकी जन्माला येत नाही. सातबारा कामाचा आहे, पण एकटा पुरेसा नाही. शिवाय मावशींकडे आहे ती झेरॉक्स. सार्वजनिक दप्तरातल्या कागदाची खरी नक्कल मिळवता येते, डिजिटल सहीचा सातबारा तर ऑनलाइन निघतो. तेव्हा त्या घडी पडलेल्या झेरॉक्सवर दावा उभा करायचं काहीच कारण नाही.

स्टॅम्पपेपरची झेरॉक्स जास्त गमतीची. ती मावशींच्या बाजूची नाहीच, दीराच्या बाजूची आहे. नवऱ्यानं हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र म्हणून तो ती गावभर दाखवत फिरतो. मावशींनी ती घाबरत घाबरत पिशवीत आणली, आणि कायदा शिकलेल्या स्वयंसेविकेला मात्र तिच्यात तीन प्रश्न दिसतात. मूळ कुठे आहे? मूळ दीराकडे असेल, तर ते हजर करणं त्याचं काम. झेरॉक्स हा दुय्यम पुरावा, आणि मूळ हरवलं, नष्ट झालं, किंवा समोरच्याच्या ताब्यात असून नोटीस देऊनही त्यानं आणलं नाही, अशा ठरावीक परिस्थितीतच दुय्यम पुराव्याला वाव मिळतो. दुसरा प्रश्न, सही नवऱ्याची आहे हे कोण सांगणार? तिसरा सगळ्यांत जड: दस्त नोंदणीकृत आहे का? १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की झालं, हा समज किती घरांत भांडणं लावून बसलाय याची मोजदाद नाही.

समजा, चांगला कागद हाती आला. यादीसोबत दाखल केला. तरी तो अजून पुरावा झालेला नाही. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, कागद ओळखतो, सही कुणाची ते सांगतो, आणि मग न्यायाधीश त्यावर निशाणीचा क्रमांक घालतात. मराठी कोर्टात "नि. २५" असं जे लिहिलेलं दिसतं ते हेच. निशाणी पडली म्हणजे आतला मजकूर खरा ठरला असंही नाही. एवढंच, की आता त्यावर बोलता येईल. पंचनाम्याचंही असंच. आपल्याकडे पंचनामा म्हणजे दगडावरची रेघ मानतात. प्रत्यक्षात तो पंचांच्या साक्षीला आधार देणारा कागद असतो, आणि पंच फितूर झाले तर तो एकटा फार वेळ उभा राहत नाही. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमानं सक्तीचं केलं.

आता माणूस. "गावात कुणालाही विचारा" याचं कोर्टातलं भाषांतर होतं: कुणी पाहिलं? तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा, असं कायदा सांगतो. पाहण्याची गोष्ट असेल तर पाहणाऱ्यानं सांगायची, ऐकण्याची असेल तर ऐकणाऱ्यानं. शेजारची सून म्हणाली, "आमच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं की ही जमीन यांचीच," तर ते ऐकीव. बांधाला बांध असलेला शेतकरी म्हणाला, "गेली बारा वर्षं यांचाच बैल या वावरात फिरताना मी पाहतोय," तर ते प्रत्यक्ष. पहिलीनं दहा वेळा सांगून जे होणार नाही ते दुसऱ्याच्या एका साक्षीनं होऊ शकतं, कारण अमुक इतके साक्षीदार हवेतच असा आकडा कायद्यानं कुठेही घातलेला नाही.

फौजदारी प्रकरणात नातेवाईक आणखी एका भरवशावर असतात: "पोलिसांना सगळं सांगितलंय, त्यांनी लिहून घेतलंय." तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, आणि फिर्यादी पक्षाला तो जबाब पुरावा म्हणून वाचून दाखवता येत नाही. त्याचा मुख्य उपयोग उलटतपासात होतो, साक्षीदार आधी एक आणि आता दुसरंच बोलतोय हे दाखवायला. म्हणजे जे सांगायचं ते पिंजऱ्यात उभं राहून पुन्हा सांगावं लागतं. आरोपीनं पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब तर कायद्यानं दारातच अडवलाय. त्याला एक खिडकी आहे. समजा, कोठडीतला आरोपी पंचांसमक्ष म्हणाला, "मी त्याला मारलं आणि विळा विहिरीत टाकला," आणि विहिरीतून विळा निघाला. या वाक्याचा दुसरा तुकडा, विळा विहिरीत आहे हा, पुराव्यात येतो, कारण त्यामुळे वस्तू सापडली. पहिला तुकडा बाहेरच राहतो. एकाच वाक्याच्या मधोमध कायदा कात्री चालवतो, आणि हे समजायला शिकाऊ माणसाला बहुधा दोन वेळा वाचावं लागतं.

साक्षीची तऱ्हा सांगणं आणि साक्षीदाराला पढवणं यांतली सीमा पॅरालीगलनं विशेष सांभाळायची असते. आधी सरतपास, मग उलटतपास, गरज पडली तर फेरतपास. आपल्या वकिलाला सरतपासात सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, समोरच्याला उलटतपासात येतात. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं. इतकं सांगणं योग्य. "बारा वर्षं म्हणा, दहा म्हणू नका" असं सांगितलं की घात. उलटतपासात ठेवणीतला प्रश्न येतोच: "काय बोलायचं ते तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि साधाभोळा साक्षीदार खोलीकडे बोट दाखवून मोकळा होतो.

ऐकीव पुराव्याला जे अपवाद आहेत त्यांतला सर्वांत हृदयद्रावक मृत्युपूर्व जबाबाचा. बोलणारी व्यक्ती कोर्टात येऊच शकणार नाही, म्हणून तिचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कायदा तयार होतो. नागपूरच्या खुशालराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये म्हटलं की असा जबाब विश्वासार्ह असेल तर एकट्या त्याच्या आधारावरही शिक्षा होऊ शकते. २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं की रुग्ण शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र नसलं, तरी जबाब नोंदवणाऱ्याची तशी खात्री झाली असेल तर जबाब केवळ तेवढ्यानं बाद होत नाही. जळीत वॉर्डात मदतीला गेलेल्या स्वयंसेविकेसाठी यातला धडा व्यवहाराचा आहे: मॅजिस्ट्रेटना लवकर बोलवायला लावायचं, खाटेभोवतीची गर्दी हटवायची, आणि तोंडात एकही शब्द घालायचा नाही.

राहिला तडकलेला मोबाईल. त्यात दीराचा आवाज आहे: "वहिनी, वाटणी तुमचीच आहे, पण आत्ता बोलू नका." पक्षकारानं स्वतःविरुद्ध केलेलं विधान ही कबुली, त्यामुळे ती ऐकीव म्हणून बाद होत नाही. ध्वनिमुद्रणाला आपली न्यायालयं नवखी नाहीत. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्येच टेप केलेलं दूरध्वनी संभाषण पुराव्यात घेतलं होतं. आवाज ओळखता यावा, मुद्रण विषयाला धरून असावं, त्यात फेरफार झालेला नसावा, या अटी तेव्हापासूनच्या. मोबाईलनं त्यात भर घातली ती नक्कल करण्याच्या सोपेपणाची.

याचा धडा जालन्यानं दिला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. मुद्दा घड्याळाचा होता: २७ सप्टेंबर २०१४ रोजी खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असं त्यांचं म्हणणं. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण हा पुरावा. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्यांसोबत लागणारं ६५ब कलमाचं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्याची उलटतपासातली तोंडी उत्तरं पुरेशी मानली आणि २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी तिथे ठरलं ते असं: मूळ उपकरणच त्याच्या मालकानं कोर्टात आणून शाबित केलं तर प्रमाणपत्र नको, पण नक्कल आणायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळं करूनही जे मिळालंच नाही, त्याबद्दल पक्षकाराला दंड करायचा नाही. चित्रणाशिवायचा इतर पुरावाही पुरेसा होता. अपील फेटाळलं गेलं.

पॅरालीगलच्या वहीत यातून एक ओळ उतरते: प्रमाणपत्र मागितल्याची प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पोच जपून ठेवायची. जालन्यात मागितल्याचे कागद होते म्हणूनच न मिळाल्याची सबब टिकली. नव्या कायद्यात हे प्रमाणपत्र दोन भागांचं झालंय. एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलवर गणिती प्रक्रिया करून मिळणारी अक्षर-अंकांची लांबलचक माळ. मुद्रणातला एक क्षण कापला तरी माळ बदलते. बोटाच्या ठशासारखंच. म्हणून मावशींना सांगायचं ते असं: फोन विकू नका, दुरुस्तीला देऊन पुसून घेऊ नका, मुद्रण कापून छोटं करू नका, नातवानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नका.

जिथे पाहणारा नाही, कागद नाही, आवाजही नाही, तिथे परिस्थितीजन्य पुरावा. पुण्यातल्या एका विवाहितेच्या विषबाधेनं झालेल्या मृत्यूवरून शरद सारडा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. त्या निकालातल्या पाच कसोट्यांना न्यायालयानंच "पंचशील" म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पूर्ण शाबित व्हावी, ती फक्त दोषाशीच जुळावी, निर्णायक स्वरूपाची असावी, दुसरी प्रत्येक शक्यता तिनं संपवावी, आणि साखळीत एकही कडी तुटलेली नसावी. आरोपीनं गुन्हा केला "असेल" आणि केला "असलाच पाहिजे" यांच्यातलं अंतर किती मोठं, हे शिकाऊ माणसाला इथे कळतं.

हे नियम कुणी एकदा लिहून ठेवले आणि संपले, असंही नाही. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं, कारण शरीरावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या आणि संमती नव्हती हे शाबित झालं नाही, असं मानलं गेलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४अ हे कलम आलं: कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध शाबित झाला आणि स्त्रीनं कोर्टात संमती नव्हती असं सांगितलं, की न्यायालयानं संमती नव्हती असंच धरायचं. आता ते कलम १२० आहे. शाबितीचं ओझं कुणाच्या खांद्यावर, एवढा एक बदल. पण देसाईगंजच्या मुलीच्या वेळी तो नव्हता.

कायद्यात एक ओळ वकिलाच्या कचेरीतल्या माणसांसाठीच आहे. पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेलं वकिलानं फोडायचं नाही, आणि हे बंधन दुभाषांना, वकिलांच्या कारकुनांना, नोकरांनाही लागू आहे. १८७२मध्येही ते होतं, आजच्या कलम १३२मध्येही आहे. कोर्टाच्या चहाच्या टपरीवर बसून पिशवीतलं बोलायचं नाही, असा त्याचा तालुक्यातला अर्थ.

एव्हाना स्वयंसेविकेच्या वहीत चार रकाने भरले आहेत: काय सांगायचंय, कोण सांगणार, मूळ कुठे, कोणाच्या ताब्यात. बांधाशेजारच्या शेतकऱ्याचं नाव पहिल्या ओळीत आहे. मोबाईल बंद करून पाकिटात घातलाय. मावशी रिकामी पिशवी झटकतात आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सकडे पाहतात.

"मग ही टाकून देऊ का, ताई?"

"नका टाकू. यावर फेरफाराचा नंबर आहे बघा, खाली. तलाठ्याकडे जायचं, या नंबरचा फेरफार मागायचा. दीरांनी कधी आणि कुठल्या कागदावर नाव लावलं, ते तिथेच लिहिलेलं असेल."